बारा वाट्यांचं आतडं

१

सोमवारी सकाळी नऊ वाजता लवळ्याच्या टेकडीवरच्या एका संशोधन संस्थेत एक आतडं मेलेलं सापडलं. वय दिवस एकवीस.

पोलिसांना कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर पंचनाम्यात काय लिहायचं असा प्रश्न आला असता. म्हणून फोन जनार्दन गावंड्यांना गेला.

गावंडे मूळचे यवतमाळकडचे. पिरंगुटच्या एका कारखान्यात तीस वर्षं नट-बोल्ट तपासून निवृत्त झालेले. संस्थेच्या नियमात प्रत्येक चौकशीला 'बाहेरची एक व्यक्ती' लागते असं लिहिलं होतं, आणि गावंडे संस्थेच्या फाटकापासून बरोबर पाचशे मीटर बाहेर राहत. याआधी त्यांनी एका हरवलेल्या पंख्याची आणि कँटीनच्या फ्रीजमधल्या लोणच्याच्या बरणीची चौकशी केली होती. दोन्ही प्रकरणांत दोषी सापडले. दोन्ही प्रकरणांत त्यांचं काही झालं नाही.

बायको, शारदा, गेल्याला आठ महिने झाले होते. तेव्हापासून गावंड्यांना कशाचं काही वाटत नसे. दुःख वाटत नसे आणि ते वाटत नाही याचं वाईटही वाटत नसे. जिभेची चव गेली होती. डबा यायचा, ते खायचे, डबा जायचा. संस्थेत त्यांचा लौकिक होता : गावंडेसाहेब एकदम निःपक्षपाती. होतेच. पक्ष घ्यायला आधी काहीतरी वाटावं लागतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या दारावर 'डॉ. दिग्विजय एस.' अशी पाटी होती. आडनाव त्यांनी परदेशात कुठेतरी ठेवलं होतं आणि परतताना आणायचं राहून गेलं होतं.

"जनार्दनराव, सोपं करून सांगतो," डॉक्टर म्हणाले. "औषध अगदी सूक्ष्म कणांत भरायचं. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातला एक, एवढा कण. गिळल्यावर तो आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरतो का, ते बघायचं. आता दर वेळी कुणाचं आतडं आणणार?"

"खरंय," गावंडे म्हणाले. "लोक देत नाहीत."

"म्हणून हे मॉडेल." डॉक्टरांनी प्लॅस्टिकची एक पारदर्शक थाळी पुढे केली. तीन ओळी, एका ओळीत चार, अशा बारा वाट्या. प्रत्येक वाटीत जाळीच्या बुडाचा एक कप. "पन्नासेक वर्षांपूर्वी सत्तरीतल्या एका पेशंटच्या आतड्यातल्या गाठीतून या पेशी घेतल्या. तो कधीच गेला. पेशी जगभरच्या लॅबमध्ये अजून वाढतायत. जाळीवर एकवीस दिवस वाढवल्या की आतड्यासारखी घट्ट भिंत तयार होते. जाळीच्या वर आतडं, खाली रक्त. वरून कण सोडायचे आणि खाली किती उतरले ते मोजायचं. आज एकविसावा दिवस. आणि आज ही भिंत सोललेली सापडली."

गावंडे थाळीकडे बघत राहिले. माणूस जातं आणि आतडं मागे जगत राहतं, ही व्यवस्था त्यांना ओळखीची वाटली. त्यांच्या बाबतीत गेलेलं माणूस वेगळं आणि उरलेलं आतडं त्यांचं, एवढाच फरक.

"कुणी केलं असेल?"

"वैष्णवी. आमची लॅब असिस्टंट. रविवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी दार तिच्या कार्डानं उघडलंय. शिवाय पेशी उबेत ठेवायच्या इन्क्युबेटरच्या पाण्यात एक जुनं नाणं सापडलं. तिला कमी केल्याचं पत्र टाइप झालंय. पाच वाजता तुमचा रिपोर्ट आला की सही करतो."

"म्हणजे चौकशी झाली."

"ऑलमोस्ट. फक्त तुमची राहिलीय."

२

कोपऱ्यातली एक रिकामी खोली गावंड्यांना मिळाली. टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर 'येथे खाण्यास परवानगी आहे' अशी पाटी. तिचा मान ठेवून त्यांनी कँटीनमधून शेंगदाण्यांचा एक पुडा आणून ठेवला.

वैष्णवी तेवीस वर्षांची, लवळ्याचीच. डोळे रडलेले, पण ओढणीची पिन जागच्या जागी.

"रविवारी मी घोटावड्याला होते, काका. मावसबहिणीची हळद होती."

"साक्षीदार?"

"दोनशे."

"नातेवाईक सोडून?"

तिनं प्रामाणिकपणे विचार केला. "डीजेवाला. पण तोही चुलत्यांचा मेव्हणा लागतो."

"आणि कार्ड?"

"ते दाराशेजारी खिळ्याला असतं. ज्याचं घरी राहिलं तो ते वापरतो. मी दोनदा काढून ठेवलं, तर मलाच ओरडले."

"नोकरी गेली तर?"

वैष्णवीनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर लॉन होतं आणि लॉनवर 'लॉनवर चालू नये' अशी पाटी. "आमची भाताची खाचरं इथंच होती. या बिल्डिंगच्या खाली. जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी दिली. ती पण गेली, तर मग..."

गावंड्यांनी पुडा तिच्याकडे सरकवला.

"भिंत मेली हे कळतं कसं?"

इथे तिचा आवाज सावरला. कामाचं बोलणं आलं की माणसाला पाय टेकायला जागा मिळते. "दोन पायांची एक काडी असते, काका. एक पाय आखूड, एक लांब. आखूड कपात बुडवायचा, लांब बाहेरच्या पाण्यात. मधे वीज जितकी अडते तितकी भिंत घट्ट. शनिवारी बाराही वाट्या चारशेच्या वर होत्या. आज सकाळी हे आकडे आले."

तिनं वही पुढे केली. थाळीतल्या वाट्यांच्या जागीच आकडे लिहिलेले होते.

पहिली ओळ : ४०, ४५, ६०, ७०.
दुसरी ओळ : ३१०, २३०, १६०, ११०.
तिसरी ओळ : ३७०, ३९०, ४१०, ४२०.

पहिली ओळ मेलेली, तिसरी जवळजवळ धडधाकट, दुसरी अधली-मधली. पहिलीत आणि तिसरीत आकडे डावीकडून उजवीकडे चढत होते. दुसरीत मात्र उतरत होते. गावंड्यांनी तीस वर्षं आकडे तपासले होते. आकड्यांना वळण असतं आणि वळणामागे हात असतो, एवढं त्यांना ठाऊक होतं.

"ही काडी ठेवता कशात?"

"शनिवारी काम झालं की साबणाच्या पाण्यात. सोमवारी तीनदा धुऊन मगच वापरायची, कारण साबण लागला की पेशींचा थर सुटतो. दिवाळीपासून साबण सुरू केलाय. त्याआधी मिठाच्या पाण्यात ठेवायचो, तेव्हा न धुता बुडवली तरी चालायचं."

"साबणाचं कुणाकुणाला माहीत आहे?"

"लॅबमध्ये हातानं काम करणाऱ्या सगळ्यांना."

गावंड्यांनी वही फिरवून पुन्हा पाहिली. कुणाला नासधूसच करायची असती तर बाराही वाट्यांत साबण ओतून तो मोकळा झाला असता. हा साबण काडीला लागून आला होता आणि वाटीगणिक कमी होत गेला होता. म्हणजे या आतड्याचा कुणी खून केला नव्हता.

कुणीतरी ते मोजलं होतं.

३

अनिमेष अकोल्याचा. चार वर्षं याच आतड्यावर पीएचडी करत होता आणि दिसतही तसाच होता.

"तुमच्याकडे हे करायला काही कारण?" गावंड्यांनी विचारलं.

"होतं ना, सर. माझे कण भिंतीतून जातच नाहीत. खऱ्या आतड्यासारखं व्हावं म्हणून चिकट द्रव सोडणाऱ्या पेशी मिसळल्या, तेव्हापासून सगळे वरच अडकून बसलेत. प्रयोग पुढे ढकलला गेला असता तर मला बरंच होतं. पण मग मी सगळ्या वाट्या मारल्या असत्या. अर्धवट काम मी करत नाही."

"प्रयोग काही खास होता?"

"आज शूटिंग होतं. संस्थेची फिल्म. कॅमेरेवाले परत गेले."

"आणि ते पाण्यातलं नाणं?"

अनिमेष हसला. त्या खोलीत दिवसभरातलं ते पहिलं हसू. "ते गोजराबाईंचं. तांब्याचं आहे. तांब्यामुळे पाण्यात बुरशी धरत नाही. आतून तांबं लावलेला इन्क्युबेटर कंपन्या खास म्हणून विकतात, सर. बाईंनी एका पैशात भागवलं."

गावंड्यांनी वहीत लिहिलं : नाणे निर्दोष.

गोजराबाई झाडलोट करायच्या. साठीच्या, लवळ्यातल्याच. वैष्णवी त्यांना आत्या म्हणायची. त्या आल्या त्या हातातल्या मॉपसकट.

"पैसा मीच टाकला," त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं. "भोकाचा हाय. आमी हंड्यात टाकतोय, तसा हितं टाकला. त्यासाटी पोरीला काडत्यात व्हय?"

"नाही. सकाळी खोलीत काही वेगळं दिसलं?"

"इस्टूल. शनवारी मी ते टेबलाखाली सारून जाते. आज बघतीया तर हातभर मागं. आन् फरशीवर रबराचे वरखडे. दोन. आत्ताच घासून आले."

पुरावा पुसून झाला होता, पण निदान स्वच्छ पुसला होता.

गावंड्यांनी अनिमेषकडून एक कोरी थाळी मागून घेतली होती. पुड्यातला एकेक शेंगदाणा घेऊन ते वाट्यांत ठेवू लागले. ज्या वाटीची भिंत सगळ्यांत जास्त मेली ती आधी, मग तिच्याहून कमी मेलेली, असं करत. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे. दुसरी उजवीकडून डावीकडे. तिसरी पुन्हा डावीकडून. मोजणाऱ्याचा हात असा फिरला होता. कसा, ते कळलं. का, ते काही कळेना.

गोजराबाई मॉपवर हनुवटी टेकून बघत होत्या.

"ही तर लावणी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"भाताची. एक वळ लावत गेलं की पाऊल मागं घ्यायचं आन् दुसरी वळ जितं हात हाय तितनंच धरायची. जाताना हिकडून, येताना तिकडून. मोकळ्या हातानं परत कोन जातंय?"

गावंडे कापसाच्या मुलखातले. भाताची लावणी त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिली होती आणि वाकलेल्या पाठींखेरीज त्यांना काही दिसलं नव्हतं.

"पाऊल मागे म्हणजे?"

"मागं मागं सरायचं, साहेब. पुढं गेलं तर लावलेलं तुडवाल की."

स्टूल. दोन वरखडे.

"बाई, या इमारतीत भात लावलेलं माणूस कोण?"

"मी," गोजराबाई म्हणाल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय बोलून बसलोय, आणि त्यांचा आवाज खाली गेला. "आन् भातवाल्याच्या घरची म्हनाल तर... वैष्णवी."

तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

४

गावंड्यांनी तिघांनाही एकेक करून आत बोलावलं. थाळी पुढे ठेवली, पुडा पुढे ठेवला आणि सांगितलं, "भरा."

अनिमेषनं विचारलं, "प्रत्येकी तीन ना, सर?"

"तीन कशाला?"

"एकावर कुणी विश्वास ठेवत नाही."

त्यानं प्रत्येक वाटीत तीन-तीन घातले, ओळीनं, डावीकडून उजवीकडे, आणि कागदावर टिक करत गेला. दुसरी ओळ आली की हात उचलून पुन्हा डावीकडे.

वैष्णवीचंही तेच. वहीत लिहावं तशी पहिली ओळ, हात परत, दुसरी ओळ, हात परत. तिच्या खुर्चीनं आवाजसुद्धा केला नाही.

"तू भात लावलंयस कधी?"

"नाही, काका." तिला जरा लाज वाटली. "खाचरं गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. चिखलात पाय घातलेला मला आठवतच नाही. आत्या चिडवतात, भातवाल्याची पोर आणि बांध ओलांडायला चप्पल शोधती म्हणून."

शेवटी गोजराबाई. त्यांनी मॉप भिंतीला टेकवला, खुर्चीवर बसायला नकार दिला आणि उभ्यानंच शेंगदाणे लावले. पहिली ओळ डावीकडून. अर्धं पाऊल मागे. दुसरी उजवीकडून. अर्धं पाऊल मागे. तिसरी डावीकडून.

वळण तंतोतंत जुळलं.

गोजराबाईंनी एक शेंगदाणा तोंडात टाकला. "लई खारट हायेत," त्या म्हणाल्या. गावंड्यांनी सकाळपासून पाव पुडा संपवला होता. त्यांना ते कळलं नव्हतं.

"बाई, रविवारी तुम्ही ती काडी धरली होती?"

"ती? तिला मी हात लावत न्हाई. होळीच्या टायमाला पुसाय घेतली तर ही पोरगी वराडली, आत्या, साबनाची हाय, तीनदा धुवावी लागती. तवापास्नं मी तिच्या वाटंला जात न्हाई."

गावंडे वहीकडे बघत राहिले. अनिमेषला आणि वैष्णवीला साबण माहीत होता, लावणी येत नव्हती. गोजराबाईंना लावणी येत होती आणि साबणही माहीत होता. हवं होतं ते माणूस वेगळंच : ज्याच्या हाताला लावणी येते, पण दिवाळीपासून ज्यानं हातानं काम केलेलं नाही.

त्यांनी थाळी उचलली, पुडा खिशात घातला. साडेचार वाजले होते. या इमारतीत आता एकच माणूस उरलं होतं आणि त्याच्या सहीसाठी एक पत्र टाइप होऊन पडलं होतं.

५

डॉ. दिग्विजय फोनवर होते. कॅमेरेवाल्यांना पुढची तारीख देत होते. त्यांनी गावंड्यांना हातानंच बसायची खूण केली.

गावंड्यांनी थाळी त्यांच्यापुढे ठेवली, पुडा उपडा केला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "एकेक भरता का? नुसतं प्रात्यक्षिक."

फोनवर बोलणाऱ्या माणसाच्या हातात काहीही दिलं तरी तो ते करतो. डॉक्टरांनी फोन खांद्यात धरला. "नो, नो, एकवीस दिवस लागतातच," ते फोनमध्ये म्हणाले आणि पहिला शेंगदाणा डावीकडच्या कोपऱ्यात ठेवला. दुसरा. तिसरा. चौथा.

त्यांची चाकांची खुर्ची बोटभर मागे सरली.

पाचवा शेंगदाणा उजवीकडच्या वाटीत गेला. तिथून हात डावीकडे येत गेला. ओळ संपली. खुर्ची बोटभर मागे. तिसरी ओळ डावीकडून. हात भराभर चालत होता. त्यात ना परदेश होतं, ना पीएचडी. तीन बोटांची चिमूट, खाली दाब, पुढचं रोप.

बारावा ठेवून झाल्यावर डॉक्टरांनी थाळीकडे पाहिलं. मग गावंड्यांकडे. फोन त्यांनी बंद केला. पलीकडचा माणूस बोलतच होता.

"गाव कुठलं, डॉक्टर?"

"पुणे. प्रभात रोड."

"त्याआधी?"

डॉक्टरांनी थाळीतला शेवटचा शेंगदाणा बोटानं सरळ केला.

"वेल्ह्याच्या पलीकडे," डॉक्टर म्हणाले. "दहावीपर्यंत. दर पावसाळ्यात. आईच्या शेजारी."

गावंड्यांनी वही उघडली.

"बारा वर्षांत मी लॅबमध्ये हात घातलेला नाही, जनार्दनराव. फिल्ममध्ये मी स्वतः मोजताना दाखवायचं होतं. हात थरथरला तर जगभर दिसेल. म्हणून रविवारी सराव केला. खिळ्याला एक कार्ड दिसलं, ते घेतलं. आमच्या वेळी काडी मिठाच्या पाण्यात असायची. मला वाटलं, तेच आहे."

"आणि सकाळी कळलं तेव्हा?"

"सकाळी..." डॉक्टरांनी टेबलावरच्या टाइप केलेल्या कागदाकडे पाहिलं. "मी म्हटलं, चौकशी करा. ऑफिसनं दाराची नोंद काढली. तिचं नाव आलं. पत्र पण त्यांनीच टाइप केलं."

"तुम्ही फक्त सही करणार होतात."

"हो."

"तिची खाचरं या खोलीच्या खाली आहेत," गावंडे म्हणाले. आवाज तोच, नट आखूड आहे असं सांगावं तसा. "सहीच्या बरोबर खाली म्हणाना."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"रिपोर्टात काय लिहिणार?"

"जे झालं ते. काडी न धुता वापरली, म्हणून थर सुटला. कुणाचा वाईट हेतू नाही." गावंड्यांनी पेनाचं टोपण काढलं. "आडनाव सांगा. रिपोर्टात पूर्ण नाव लागतं."

पाचला चार मिनिटं कमी होती. डॉक्टरांनी वैष्णवीचं पत्र उचललं, मधोमध फाडलं, तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडलं. मग बऱ्याच वर्षांनी एखादी वस्तू माळ्यावरून काढून फुंकर मारावी तसं म्हणाले, "शिळीमकर."

गावंड्यांनी ते लिहिलं.

या प्रकरणातही दोषी सापडला आणि याही प्रकरणात त्याचं काही झालं नाही. फरक एवढाच की या वेळी वैष्णवीचंही काही झालं नाही. पुढच्याच महिन्यात नव्या आतड्याच्या एकविसाव्या दिवशी फिल्म झाली. तीत डॉक्टरांच्या शेजारी एक मुलगी उभी आहे आणि कॅमेऱ्याकडे न बघता त्यांना सांगते आहे, "सर, अजून एकदा धुवा. दोनदाच झालंय." संस्थेनं ते कापायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी राहू दिलं.

पण ते पुढचं. त्या सोमवारी रिपोर्टावर सही करून गावंडे कोपऱ्यातल्या खोलीत परतले तेव्हा वैष्णवी आणि गोजराबाई दारातच उभ्या होत्या.

"ऱ्हायली नोकरी," गावंडे म्हणाले.

वैष्णवी खाली बसली. गोजराबाईंनी तिच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि, "ऊठ, फरशी ओली हाय," म्हणून तिला उठवलं. मग दोघी लॅबकडे गेल्या. मेलेली थाळी टाकून द्यायची राहिली होती.

गावंडे टेबलाशी बसले. घरी जायची घाई नव्हती. डबा आठला यायचा. समोर शेंगदाण्यांची थाळी होती, शिळीमकरांनी लावलेली. त्यांनी डावीकडचा पहिला उचलून तोंडात टाकला. चावला. काही कळलं नाही. दुसरा, तिसरा, चौथा.

ओळ संपली. हात सवयीनं उचलला गेला आणि डावीकडे निघाला, तेवढ्यात थांबला.

दुसरी ओळ त्यांनी उजवीकडून सुरू केली.